वाढत्या अंगाचा सूट

"सर, पोहता पोहता शू लागली तर बाहेर यायचं का?"

हा प्रश्न मी माइकवरून विचारला. ट्रायथलॉनच्या सूचना संपल्यावर पंचांनी "कुणाला काही शंका?" म्हणून माइक पुढे केला आणि मी तो घेतला. कुंपणापलीकडे माझ्या दोन मैत्रिणी, लंबू आणि चष्मिस, एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. "विचारलास ना, तर वर्षभर तुझं दप्तर आम्ही उचलू," असं त्यांनीच कबूल केलं होतं.

पंचांची मिशीसुद्धा हलली नाही. "यायचं असेल तर या. घड्याळ थांबणार नाही."

"तलाव काही कुणाला सांगत नाही गं," माझ्या मागून एक पांढऱ्या केसांच्या काकू म्हणाल्या आणि सगळा नवख्यांचा गट खो खो हसत सुटला.

सहावीपर्यंत मी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. हल्ली मला माइक दिसला की हात शिवशिवतात. हे सगळं पोहण्यामुळे झालं, असं माझं म्हणणं. आईचं म्हणणं, आगाऊपणामुळे.

आत्याने माझं नाव 'मध्यंतर' ठेवलंय, कारण माझं सगळं मध्यावर येऊन थांबतं. कराटेत पिवळ्या पट्ट्यापर्यंत गेले आणि मग पट्टा उशीच्या खोळीला बांधायला लागला. गिटारच्या सहापैकी तीनच तारांशी ओळख झाली. त्यामुळे मी ट्रायथलॉनचं काढलं तेव्हा आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "कर. सोडशीलच मध्ये."

बाबांचं औषधांचं दुकान आहे, ते सगळं मापात बोलतात. "शेवटपर्यंत गेलीस, तर पोहणं, सायकल, धावणं चालू. आम्ही अडवणार नाही. मध्ये सोडलंस, तर पोहणं बंद आणि संध्याकाळी गणिताचा क्लास."

गणिताचा क्लास! म्हणजे पोहण्याच्या वेळेलाच, आणि तोही आमच्या वर्गशिक्षिकांच्या भावाकडे.

आता सूटची गोष्ट. ट्रायथलॉनला एकच अंगाला चिकटणारा सूट घालतात. त्यातच पोहायचं, त्यातच सायकल, त्यातच धावायचं. "विकत कशाला? मी काय मेलेय?" असं म्हणून आईने तो शिवायला घेतला. आई शाळेचे गणवेश शिवते. आमच्या भागातली निम्मी मुलं तिच्या हातच्या बाह्यांत हरवलेली असतात, कारण ती सगळं वाढत्या अंगाचं शिवते. पाचवीत घेतलेला शर्ट सातवीत नीट बसला पाहिजे. त्यातून गिऱ्हाइकांचं आधी, घरचं शेवटी, हा तिचा नियम. त्यामुळे सूटची चेन लागली ती स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी. आईने मला आरशासमोर उभं केलं. "हात वर. खाली बस. वाक. टोचतंय कुठे?" नव्हतं टोचत. टोचायला तो अंगाला लागायला तर हवा! पण पाण्यात घालून बघायचं आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. गणवेश घालून पाण्यात कोण उतरतं?

शिट्टी झाली, मी तलावात उडी मारली आणि माझ्याबरोबर तलावही सूटमध्ये उतरला.

मानेतून पाणी आत आलं, पोटाशी साठलं, पाठीवर त्याचा फुगा झाला. हात मारला की मी पुढे जायचे आणि सूट मागे राहायचा. मग तो यायचा, मग मी जायचे. पोहत नव्हतेच मी, तलाव ओढत नेत होते. शेजारून होडीवाले काका आले. "बाळ, दमलीस का? घेऊ वर?"

"नको काका! गणित आहे!"

काकांना काही कळलं नाही, पण त्यांनी होडी जरा लांब नेली.

काठावर आले तर सूटच्या दोन्ही पायांत दोन घागरी. मी बदकासारखी डुलत सायकलींच्या कुंपणात शिरले, मागे पाण्याचा ओघळ. लंबू ओरडली, "अगं, तुझ्यातून नळ फुटलाय!" सायकलवर टांग टाकली तर मागचं लोंबतं कापड सीटच्या टोकात अडकलं आणि मी सायकलसकट शेजारच्या सायकलीवर.

तेवढ्यात आई दिसली. गळ्यात माप घ्यायची टेप, हातात कात्री. कुंपणावरून वाकून तिने माझी कंबर धरलीच असती, पण पंचांची शिट्टी वाजली.

"बाई, हात लावू नका! बाहेरच्या माणसाने मदत केली तर स्पर्धक बाद!"

"अहो, पण फिटिंग बघा ना तिचं!"

"फिटिंगला आमच्यात नियम नाही."

आईचा हात हवेतच राहिला. आईच्या हातचा कपडा चारचौघांत असा लोंबतोय आणि ती हात लावू शकत नाहीये, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मग तिचे डोळे माझ्या पोटावरच्या कापडी नंबराकडे गेले.

"पिना! नंबराला चार पिना आहेत, दोन काढ! कमरेवर मागे कापड धर. अगं चुणी घाल, गाठोडं नको बांधूस!"

पण माझा हात मागे पुरेना. पांढऱ्या केसांच्या काकू शेजारीच बूट चढवत होत्या. त्यांनी पंचांकडे बघितलं. "मी तर बाहेरची नाही ना?"

"स्पर्धकाने मदत केली तर चालेल," पंच म्हणाले.

"अजून आत घ्या," आईने कुंपणावरून सुरू केलं. "थोडं वर. नाही, नाही, तिरकं होतंय!"

"बाई, मी दातांची डॉक्टर आहे. जरा धीर धरा," काकू दातांत दुसरी पिन धरून म्हणाल्या. "पेशंटला मी असं कधी करू देत नाही हं."

दोन पिना लागल्या आणि मी निघाले. तोपर्यंत सगळे पुढे गेले होते. काकूंनीही मला पहिल्याच वळणावर मागे टाकलं आणि "सावकाश!" असं ओरडून दिसेनाशा झाल्या.

सायकल झाली. धावणं उरलं. धावायच्या अंतराच्या मध्यावर एक लाल शंकू ठेवलेला होता, त्याला वळसा घालून परत यायचं. मी शंकूपाशी पोचले आणि पोटरीत असा गोळा आला की मी मटकन खालीच बसले. मागून दमलेल्यांना गोळा करणारी जीप आली. तिच्या मागच्या सीटवर गादी होती, पंखाही होता.

"चढ," ड्रायव्हर म्हणाला. "उगाच कशाला? शेवटचीच आहेस."

बरोबर मध्यावर! कराटे इथेच थांबलं होतं, गिटारही इथेच. मी पोटरी चोळत जीपकडे बघितलं. वाकल्यावर कमरेची पिन कचकन टोचली आणि मी मागे हात घालून चुणी चाचपली. मूठभर जास्तीचं कापड होतं. हे कापड आत्ताच्या मला नकोच होतं. ते पुढच्या वर्षीच्या मला लागणार होतं, कदाचित त्याच्याही पुढच्या. 'सोडशीलच मध्ये' म्हणणारी बाई असा सूट शिवेल? एका दिवसापुरता शिवायचा असता, तर तिने तो बेताचा शिवला असता!

मला एकदम हसूच आलं. ड्रायव्हरला वाटलं, ऊन लागलं.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं आणि लंगडत शंकूला वळसा घातला. प्रत्येक पावलाला पिन टोचत होती, त्यामुळे पोटरीकडे लक्ष द्यायला वेळच झाला नाही. जीप बिचारी माझ्या मागून वरातीसारखी येत राहिली.

शेवटच्या रेषेवर माणसं खुर्च्या उचलत होती. पंचांनी मला बघितलं आणि माइक तोंडाशी नेला. "आल्या, आल्या, आपल्या शंकावाल्या बाई आल्या!" उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. लंबू आणि चष्मिस माझ्या नावाने बेसूर किंचाळत होत्या. मी रेषा ओलांडली. "काय मग," पंचांनी माइक माझ्यासमोर धरला, "मिळालं का उत्तर?"

"तलाव काही सांगत नाही, सर," मी म्हटलं. मीही नाही सांगणार.

बाबांनी साखर-मिठाचं पाणी माझ्या हातात दिलं आणि नुसतेच चष्मा पुसत राहिले. आईने तेवढाही दम धरला नाही. आता हात लावायला परवानगी होती ना! तिने टेप माझ्या कमरेला गुंडाळली. "शेवटपर्यंत गेली," हे ती टेपशीच बोलली. मग मोठ्याने, "चुकलंच माझं. घरी गेल्यावर हे सगळं जास्तीचं कापून टाकते. अगदी मापात बसवते."

मी पाण्याचा ग्लास बाबांच्या हातात परत दिला.

"आई, बाबा, ऐकून घ्या. कापड कापायचं नाही. आत दुमडून शिव, उसवता आलं पाहिजे. मी पुढच्या वर्षी मोठ्या अंतराच्या गटात उतरणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी."