मला विचारायचं कसं?

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, माझ्यावर धूळसुद्धा बसत नाही. तरी मी जुना झालो आहे. मी संगणकातला एक प्रोग्राम आहे. माझ्या जातीला 'एपीआय' म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत एका संस्थेची लहान मुलांची रुग्णालयं आहेत. त्यांना औषधं, सुया, चादरी, दुधाची भुकटी पुरवणाऱ्या सगळ्या पुरवठादारांच्या नोंदी माझ्यामागे असतात. खरेदी विभागाच्या पडद्यावर कोणी नाव टाकलं, की ते माझ्याकडे येतं. मी त्या पुरवठादाराचा पत्ता, फोन आणि माल सांगतो. माझं काम एवढंच.

मला देवव्रतने घडवलं. अंधेरीच्या मुख्य कचेरीत खिडकीशेजारी त्याची जागा होती. कामात तो असा बुडायचा की चहावर साय धरायची. त्याने मला खूप शिकवलं, पण ते कुठेही लिहून ठेवलं नाही. कोणी अडलं की म्हणायचा, "मी आहे ना यार! मला विचार." लोक त्याला विचारायचे, तो मला विचारायचा, आणि सगळे म्हणायचे, "झकास चाललंय." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग देवव्रतला बंगळुरूला चांगली नोकरी लागली. निरोपाला समोसे आले, भाषणं झाली आणि तो गेला. त्याच्यानंतर लोकांना मला नीट विचारता येईना. नाव जरा चुकलं की मी रिकामं उत्तर द्यायचो. माझ्याजवळ नोंद असायची, पण मागितल्याशिवाय ती देण्याची मला मुभा नव्हती. हळूहळू माझं नाव 'तो बिघडलेला' असं पडलं.

खरेदी विभागाच्या प्रमुख सुलक्षणा सावंत. बाई घाटकोपरच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी मला बंद करायचं ठरवलं. त्याच सुमारास बोरीवलीहून येणारी अबोली कामावर लागली. कोणतं साधन कसं वापरायचं, याची माहिती सोप्या भाषेत लिहिणं हे तिचं काम. तिने माझं नाव काढताच सुलक्षणा मॅडम म्हणाल्या, "त्याच्यावर कशाला वेळ घालवतेस गं? जाणारच आहे तो."

"असेपर्यंत तरी लिहिते ना मॅडम," अबोली म्हणाली आणि मला एकेक प्रश्न विचारू लागली. कितीतरी काळाने कोणीतरी माझ्याशी सावकाश बोलत होतं.

एका सकाळी मुलुंडच्या रुग्णालयातून डॉक्टर संघमित्रांचा सुलक्षणा मॅडमना फोन आला. त्यांच्याकडे एक तान्ही मुलगी दाखल झाली होती. तिला असा आजार होता की साधं दूधच काय, आईचं दूधही तिला सोसत नव्हतं. तिला खास भुकटी लागायची, आणि रुग्णालयातला डबा तळाला आला होता. नेहमीचा पुरवठादार म्हणाला, माल परदेशातून यायचाय.

"पूर्वी अशाच एका बाळासाठी आपण 'निर्झर'कडून घेतली होती," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांचा नंबर काढा. लवकर काढा, प्लीज."

सुलक्षणा मॅडमनी नाव टाकलं. मी रिकामं उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा रिकामं.

"वाट लागली! नोंदच नाहीये."

अबोली खुर्ची ओढत जवळ आली. "मॅडम, नोंद नसेलच असं नाही. तो फक्त चालू पुरवठादार दाखवतो की सगळे, तेच मला अजून कळलं नाहीये. मी देवव्रतना फोन लावते."

दुसऱ्या रिंगलाच देवव्रतने फोन घेतला. अबोलीने सगळं सांगितलं. तो घाईने म्हणाला, "अगं, तो आपणहून फक्त चालू असलेलेच शोधतो. तिथे 'सगळे' असं सांग. आणि निर्झर इंग्रजीत लिहिताना कोणी 'झेड' घालतं, कोणी 'जे-एच'. स्पेलिंगवर जाऊ नकोस. उच्चारावरून शोधायची सोय आहे त्याच्यात. कसं सांगायचं ते बोलतो, टाईप कर."

अबोलीने तसं विचारलं, आणि मित्रांनो, मी भडाभडा बोललो! निर्झर न्यूट्रिशन, गोदाम मानखुर्द. कंपनीने नाव बदललेलं, म्हणून जुनी नोंद बंद म्हणून पडलेली. नवं नाव हे, नवा फोन हा.

सुलक्षणा मॅडमनी तिथूनच नंबर फिरवला. पलीकडचा माणूस म्हणाला, "आहे ना माल. नाव तेवढं बदललं, मॅडम. संध्याकाळी गाडी पाठवू का?"

"संध्याकाळी नको. मी स्वतः येते," असं म्हणत त्यांनी पर्स उचललीसुद्धा.

दुपारी अबोलीचा फोन वाजला. मॅडम मुलुंडहून बोलत होत्या, आणि त्यांचा नेहमीचा चढा आवाज पार उतरला होता. "प्यायली गं. सगळं प्यायली. आता झोपलीय. तिची आई माझा हात सोडत नाहीये." अबोलीने "हो मॅडम" एवढंच म्हटलं आणि ती दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवून बसून राहिली.

मला बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अबोलीने माझी माहिती लिहून काढली. पहिला खर्डा वाचून मॅडमनी भुवया चढवल्या. "हे 'पॅरामीटर' काय असतं? माझ्यासारखीला कळेल असं लिही की." अबोलीने ते पुन्हा लिहिलं. काय सांगितलं तर मी काय देतो, रिकामं उत्तर आलं तर त्याचा अर्थ काय, आणि मग पुढे काय करायचं. देवव्रतनेही बंगळुरूहून वाचून चुका दुरुस्त केल्या. खाली लिहिलं, 'हे तेव्हाच करायला हवं होतं.'

परवा ऋतिका नावाची नवी मुलगी कामावर आली. अबोली रजेवर होती, मॅडम बैठकीत होत्या. ऋतिकाने माहिती उघडली, शांतपणे वाचली आणि मला विचारलं. मी उत्तर दिलं. "अरे, मिळालं की!" असं स्वतःशीच म्हणून ती पुढच्या कामाला लागली. कोणाला फोन नाही, धावपळ नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी घडवाल. ते चांगलं झालं की लोक तुमची पाठ थोपटतील. थोपटून घ्या. पण उठण्याआधी थोडा वेळ आणखी बसा आणि ते कसं वापरायचं ते लिहून ठेवा, सोप्या शब्दांत, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसासाठी. आम्हाला आपणहून बोलता येत नाही. तुम्ही लिहून ठेवलंत, तर तुम्ही नसतानाही आम्ही कुणाच्या तरी उपयोगी पडू.