गालिच्यावर उतरलेली फुलपाखरं

सणाच्या मिरवणुकीसाठी रस्त्यावर घातलेल्या फुलांच्या गालिच्यावर फक्त साधं पाणी शिंपडायचं, ही त्या डोंगरावरच्या गावाची रीत. ओर्नेल्लाने ती मोडली, आणि वर स्वतःच्या हुशारीवर ती खूशही होती.

कारण सिरोक्को सुटणार होता. आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येणारा हा गरम वारा गेल्या वर्षी नेमका सणाच्या सकाळी आला आणि तिच्या वडिलांनी पाकळ्यांनी भरलेला देवमाता मरियेचा चेहरा उडवून घेऊन गेला. मिरवणूक पोचली तेव्हा मरियेला नाकच नव्हतं. वडील एर्सिलिओ घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. साठ वर्षं या रस्त्याचा गालिचा त्यांच्याच हातचा. आता नजर इतकी अधू झाली होती की यंदाचा शेवटचा, असं त्यांनीच सांगून टाकलं. हा तरी अख्खा राहावा, एवढंच ओर्नेल्लाच्या डोक्यात होतं. ती बेकरीत कामाला. फळांच्या केकवर पाकाचा हात फिरवला की फळं जागची हलत नाहीत, हे तिचं रोजचं काम. तिने घरीच झारीत पातेलंभर पाक ओतला, वर थोडं पाणी घातलं आणि सगळ्यांच्या देखत गालिचाभर शिंपडलं.

"काय चकाकतोय गं," शेजारची इदा म्हणाली. "पाणी कुठून आणलंस, स्वर्गातून?"

"नळाचंच आहे. तुझ्या डोळ्यांना सवय नाही स्वच्छतेची."

इदा हसली आणि विषय तिथेच मिटला.

ऊन वर आलं, वारा सुटला. ब्रूमच्या झुडपाच्या पिवळ्या पाकळ्या, लाल कार्नेशन, बडीशेपेचा हिरवा पाला, केसांच्या जागी वाळवलेली कॉफीची पूड, एक कणही हलला नाही. खाली घंटा वाजायला लागल्या. मिरवणूक चढ चढून येणार, फादर सावेरिओ सोन्याच्या पात्रात पवित्र भाकर, म्हणजे साक्षात देवच, घेऊन सगळ्यात पुढे असणार, आणि सगळ्यांच्या आधी त्यांचाच पाय गालिच्यावर पडणार. तोवर कुणीही त्यावर पाय ठेवायचा नाही. देवाने तुडवावा म्हणूनच तो घालायचा. एर्सिलिओ वरच्या टोकाला कारंज्यापाशी खुर्ची टाकून त्याचीच वाट बघत होते.

तेवढ्यात दरीच्या बाजूने काहीतरी वर यायला लागलं. ओर्नेल्लाला आधी वाटलं, वाऱ्याने दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्याचा गालिचा उचलला. मग एक तिच्या गालाला थडकलं. केशरी, काळ्या ठिपक्यांचं, कडा झिजलेलं फुलपाखरू. त्यामागून हजारो आली. छपरांवरून, बाल्कन्यांमधून, बँडवाल्यांच्या कर्ण्यांना घासून येतच राहिली. दर उन्हाळ्यात चारदोन दिसायची, पण हे असलं म्हाताऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. इदाचं तोंड उघडंच राहिलं.

समुद्र ओलांडून आलेली ती उपाशी पाखरं घिरट्या घालत खाली आली आणि गालिच्यावर बसली. बघता बघता मरियेचा झगा दिसेनासा झाला, मग चेहरा. साऱ्या रस्त्यावर नुसते पंख उघडत होते, मिटत होते. लोक जागच्या जागी गुडघ्यांवर आले. "चमत्कार," कुणीतरी पुटपुटलं, आणि तो शब्द उतारावरून खाली मिरवणुकीपर्यंत गेला.

"ओर्नेल्ला, काय झालंय?" एर्सिलिओंनी विचारलं. "मला गालिचा श्वास घेताना दिसतोय."

"फुलपाखरं बसलीत, बाबा. खूप."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "साठ वर्षं," ते म्हणाले, "साठ वर्षं मी मेलेली फुलं मांडली."

फादर सावेरिओ वळणावर आले आणि थबकले. "चला, फादर," इदा खालच्या बाजूला ओरडली, "देवासाठी ती आपणहून वाट सोडतील." सगळ्यांना तसंच वाटत होतं. ओर्नेल्लालाही क्षणभर वाटलं. मग तिच्या पायाजवळच्या एकाने उडायचा प्रयत्न केला. ते वर आलं ते पाकळीसकट, हातभर गेलं आणि पाकळीच्या ओझ्याने पालथं पडलं. दुसरं नुसतंच फडफडत राहिलं. उन्हाने पाक सुकला होता.

ही उडणार नव्हती. फादर पाय ठेवणार, मागून अख्खं गाव येणार, आणि सगळे वाट बघणार की आता उडतील. ती गप्प राहिली असती तर बाबांचा शेवटचा गालिचा चमत्काराचा ठरला असता. पायांखाली काय चिरडलं ते त्यांना दिसणारही नव्हतं. फक्त चमत्कार हा शब्द ऐकू आला असता.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी वाकली, "ती चिकटलीत. मी पाण्यात पाक घातला होता."

एर्सिलिओंचा चेहरा कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. मग ते खुर्चीचा हात धरून उठले. "झारी कुठाय?"

"बाबा, सगळा वाहून जाईल."

"झारी दे."

कारंज्यात बुडवून त्यांनी ती भरली, चाचपडत गालिच्याची कड शोधली आणि मरियेचा चेहरा असेल त्या अंदाजाने पाणी ओतलं. इदा किंचाळली, "म्हातारा खुळा झाला."

"पाक आहे तो," ओर्नेल्ला सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "मी घातला. पाणी आणा."

कुणी हललं नाही. बँड कधीच थांबला होता. गुडघ्यांवर बसलेली माणसं तिच्याकडे बघत राहिली, जसं काही तिने देवळात जाऊन काच फोडली होती. मग फादरांनीच पात्र छातीशी धरलं आणि म्हणाले, "ऐकू आलं नाही का? बादल्या आणा."

इदाने सगळ्यात आधी बादली आणली, ओर्नेल्लाच्या तोंडाकडे न बघता. रंगीत चिखल उतारावरून वाहत फादरांच्या बुटांत शिरला. ओली पाखरं दगडांवर बसून राहिली. सिरोक्कोनेच त्यांचे पंख वाळवले, आणि एकेक करत ती छपरांवरून उत्तरेला निघाली.

"उडाली?" एर्सिलिओंनी विचारलं.

ओर्नेल्लाने रस्त्याकडे बघितलं. निम्मी अजून कॉफीच्या गाळात आडवी पडली होती. एकदा खरं बोलून तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

"सगळी, बाबा."

त्यांनी ओला हात तिच्यापुढे उघडला. तळव्यावर एक पाखरू होतं, मघाशी चाचपडताना उचललेलं. ते त्याच्यावर हळूहळू फुंकर घालत होते.

"मग हे का जात नाही?" त्यांनी विचारलं.