उलट न विचारलेला निरोप

फुंकणीचा तिसरा तडाखा बसला तेव्हा मनुबाईच्या मनगटातलं हाड कडकन मोडलं. तिच्या नवऱ्यानं, आकारामनं, ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, तरी गडी थांबला नाही.

"काय घातलंस पोटात? बोल, भवाने!"

तिचं कपाळ फुटून रक्त चुलीपुढच्या सारवणावर ठिबकत होतं. त्याच्या धोतराला लागलेलं रक्त मात्र त्याचंच, आतड्यातलं. चार महिने नुसत्या कळा आणि रक्ताचे जुलाब. बहात्तर साली पलटणीतून पेन्शनीत आलेला धिप्पाड माणूस, त्याचं पार चिपाड झालं होतं. औषधं झाली, अंगारे झाले. शेवटी गुंडा देवऋषी तांदळाचे दाणे बघून म्हणाला, "घरच्याच हातानं घातलंय." झालं! घरात हात तो एकच, बायकोचा.

त्या मारहाणीच्या दिवसापासून त्यानं हुकूम काढला, त्याच्या ताटातला पहिला घास आणि तांब्यातला पहिला घोट तिनं त्याच्यासमोर घ्यायचा. मोडका हात फडक्यात बांधून बाईनं तोही पाळला. काय म्हणावं तिला!

पंधरवड्यानं तो अंगणात कोसळला. तेव्हा तिनंच त्याला एस्टीत घालून सांगलीला डॉक्टर गंगाधरांकडं आणलं.

डॉक्टरांनी नळी घालून आतडं पाहिलं. मग तिच्याकडं बघून विचारलं, "हात कशानं मोडला?"

"पडले," मनुबाई म्हणाली.

आकाराम मधेच बोलला, "डाक्टर, माज्या पोटात काय घातलंय त्ये सांगा."

"कुणी काही घातलेलं नाही. विष नाही, जंतूही सापडला नाही. आतड्यातल्या पेशी एकमेकींना रसायनांनी निरोप धाडतात, शत्रू आलाय, धावा! रक्तातल्या लढाऊ पेशी धावून येतात. शत्रू नसतोच, मग त्या आपल्याच आतड्याला झोडपतात. जखमा होतात, त्यातून पुन्हा तोच निरोप सुटतो, आणखी फौज येते. शास्त्रज्ञ अजून शोधतायत, पण माझा अंदाज हाच."

"आन् निरोप खरा का खोटा, कुणी उलट इचारत न्हाई?"

"तिथंच तर घोटाळा आहे."

पलटणीत पंधरा वर्षं आकाराम वायरलेसवर होता. आलेला निरोप जसाच्या तसा उलट वाचून दाखवायचा, समोरून 'बरोबर' आल्याशिवाय तोफखान्याला एक अक्षरही कळवायचं नाही. हा नेम त्यानं गोळीबारातही मोडला नव्हता. आणि गुंडाला मात्र 'कशावरनं?' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. शरमेनं त्याला मान वर करवेना.

डॉक्टरांनी त्याच्या तळहातावर गोळी ठेवली. मनुबाईनं डाव्या हातानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं.

"नगं..." त्याच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत तिनं पेला ओठाला लावलाही होता. घोट घेतला, गिळला, जरा थांबली आणि पेला त्याच्यापुढं धरला.

"घ्या आता. मला काय झालं न्हाई."