मारुतराव शोधत होते तो आवाज

मित्रांनो, माझ्या डोक्यावरच्या जाळीला एक पोचा आहे आणि माझ्या वायरीला ठिकठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. त्यावरून माझं वय तुमच्या लक्षात आलंच असेल. मी केंदूरच्या विद्यालयातला जुना माईक आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला जाग आली ती दौंडच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात. तिथून त्या वेळच्या हेडमास्तरांनी मला पिशवीत घालून एसटीने आणलं, आधी शिरूरला आणि मग केंदूरला. पिशवीत माझ्याशेजारी मेथीची जुडी होती. त्यामुळे पहिल्या कार्यक्रमात पाहुणे भाषण सोडून सारखे नाक वर करून कसला वास येतो ते बघत होते.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. मला पुसायला वेगळं फडकं होतं. पण माझ्यासमोर उभा राहणारा प्रत्येक मोठा माणूस आधी माझ्या डोक्यात टपल्या मारतो, मग फुंकर घालतो आणि मग "मी आपला जास्त वेळ घेणार नाही" असं म्हणून तासभर बोलतो. हा पोचा त्या टपल्यांचाच आहे. मुलं मात्र मला मनापासून आवडतात. त्यांच्या हाताला घाम सुटतो, गळा कोरडा पडतो, पण आवाज खरा असतो.

पुढे शाळेत बिनवायरीचा नवा माईक आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. एका बाजूला खडूची खोकी आणि दुसऱ्या बाजूला फाटका व्हॉलीबॉल. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

गेल्या चैत्रात गावच्या यात्रेत मात्र माझं नशीब उघडलं. बैलगाड्यांच्या शर्यतीत ऐन वेळी गावचा माईक बंद पडला, तेव्हा मला कपाटातून उचलून थेट घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर नेलं. तिथे गेणबा शर्यत पुकारायचे. कोणाचा गाडा जुंपला, कोणाचा सुटला, हे असं सांगायचे की घाटाच्या पार मागे बसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा बैल डोळ्यांसमोर दिसावेत. पण त्या दिवशी भर उन्हात त्यांनी बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला आणि त्यांचा घसाच बसला.

पुकारणाऱ्याच्या मांडवाच्या कापडामागे सुलक्षणा त्यांना पाण्याचा तांब्या द्यायला आली होती. ही मारुतरावांची मुलगी, आपल्याच शाळेतली. मारुतराव मोठे बागायतदार. बैलांवर त्यांचा भारी जीव, पण घरच्या बाईमाणसाने घाटाकडे फिरकायचं नाही असा त्यांचा दंडक. सुलक्षणा देवाला जाते असं सांगून आली होती. गेणबांनी मला तिच्या हातात कोंबलं आणि बसलेल्या घशाने म्हणाले, "घे पोरी, पुकार. बापाच्या बैलांची नावं तर तुला पाठच हायेत."

आणि मित्रांनो, ती पुकारायला लागली! माझ्या जाळीतून आजवर पुष्कळ आवाज गेले, पण असा खणखणीत, दमदार आवाज मी ऐकला नव्हता. खाली मारुतरावांचे बादल आणि सोन्या जुंपले होते. त्यांचा गाडा सुटला तसा हिचा आवाजही सुटला. गाडा वर येईपर्यंत सगळा घाट उभा राहिला होता. धुरळ्यात आणि कल्लोळात, भोंग्यातून आलेला तो आवाज बापाला ओळखू आला नाही. मारुतराव घाटाखाली बैलांपाशी उभे होते. ते ओरडले, "कोण पोरगं हाय रं ते? घशात काय जादू हाय त्याच्या! म्होरल्या साली माझ्या गाड्याची बारी त्यानंच पुकारायची!"

गेणबांनी वेळ मारून नेली. पाहुण्यांचं पोरगं होतं, गेलं परत, असं त्यांनी सांगून टाकलं. तेव्हापासून मारुतराव त्या पोराला शोधत होते. सुलक्षणाच्या वर्गातल्या सगळ्यांना खरी गोष्ट ठाऊक होती, पण सगळे मूग गिळून गप्प होते. येत्या यात्रेत गेणबांना सुलक्षणाच हवी होती आणि तिलाही उघडपणे, मांडवाच्या पुढे उभं राहून पुकारायचं होतं. पण आप्पांपुढे, म्हणजे मारुतरावांपुढे, हा विषय काढायचा कोणी? दहावीनंतर शिकायला ती दौंडला आत्याकडे जाणारच होती, पण आप्पा चिडले तर परीक्षा संपल्या संपल्याच तिला तिकडे पाठवतील आणि यात्रेचं नावच नको म्हणतील, ही तिला धास्ती होती.

अशात दहावीच्या निरोप समारंभाचा दिवस उजाडला. नव्या माईकचं चार्जिंग करायला सगळेच विसरले होते, म्हणून मला बोलावणं आलं. आमच्या शाळेत निरोपाला एक गंमत असते. प्रत्येकाने पुढे येऊन एका मित्राचं दहा वर्षांनंतरचं भविष्य सांगायचं. थट्टा हवी तेवढी करा, पण ज्याला राग येईल त्याने सगळ्या वर्गाला भेळ द्यायची. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून नेमके मारुतरावच बसले होते. आणि सूत्रसंचालन होतं सुलक्षणाकडे! बिचारी बारीक, पुस्तकी आवाजात बोलत होती. बापाने घाटावरचा आवाज ओळखू नये म्हणून तिची चाललेली धडपड मला तिच्या मुठीवरून कळत होती.

सविताने सुरुवात केली. सार्थक रोज शाळेत उशिरा येतो, तर ती म्हणाली, "धा वर्सांनी सार्थक एसटीचा ड्रायव्हर व्हईल, आन् त्याची एसटी सुटून गेली की हा मागनं पळत येईल." शाळेचं पत्र्याचं शेड हशाने दणाणलं. सार्थकने लगेच उट्टं काढलं. सविता प्रत्येकाची चुगली मॅडमना सांगते, म्हणून तिला त्याने शिक्रापूरच्या चौकात खांबावर बसवून टाकलं. म्हणाला, "सरकारचा कॅमेऱ्याचा खर्च वाचंल." सत्यजीत सगळ्यांचे डबे खातो. भविष्यात तो सरपंच झाला आणि त्याने गावाला रोज तीन मधल्या सुट्ट्या मंजूर केल्या. वर्गशिक्षिका सुवर्णा मॅडम हसून हसून डोळे पुसत होत्या. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मी ओळखलं.

शेवटी सुलक्षणा तेवढी उरली. तिचं भविष्य सांगायला कोणी उठेना. खरं सांगावं तर पंचाईत, आणि खोटं कोणालाच सांगायचं नव्हतं. मग गोकुळ उठला. हा मुलगा वर्गात हजेरीपुरतं बोलणारा. त्याने मला हातात घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं, "धा वर्सांनी कशाला, ह्याच चैतात सुलक्षणा घाटावर असंल. मांडवाच्या मागं न्हाई, म्होरं. आन् आप्पा, तुमी ज्या पोराला हुडकताय ना, ते पोरगं तुमाला घरातच घावंल."

मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या. मारुतराव उभे राहिले होते.

"तू व्हतीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आप्पा," सुलक्षणा म्हणाली. या वेळी तिने आवाज बारीक केला नाही.

शेवटी सार्थकने हिय्या केला. "आप्पा, राग आला आसंल तर भेळ द्यावी लागती. नियम हाय."

"आला ना राग!" मारुतराव गरजले. "आख्खं वरीस मी पोरगं हुडकतोय! तळेगावच्या बाजारात इचारलं, पार भांडगावपतुर मानसं धाडली. आन् ही रोज माझ्या ताटात भाकर वाढती, पर तोंडातनं शबुद काढंना! घ्या भेळ, किती खायची ती खा." शेडभर हशा पिकला. मारुतराव मात्र हसले नाहीत. ते मुलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुकार बरं एकदा. हितंच, समद्यांम्होरं. घाटावरचा आवाज तुझाच व्हता का, ते ऐकू दे मला."

सुलक्षणाने मला घट्ट धरलं. समोर बैल नव्हते, म्हणून तिने सगळा वर्गच जुंपला.

"आता घाटात येत्यात धावीचे गाडे! पहिला गाडा सार्थकचा! घंटा झाली, प्रार्थना झाली, गेट लागलं, तरी गाडा अजून येशीपाशीच! पळ बाबा पळ! मागनं सत्यजीतचा गाडा, दुसऱ्याचा डबा तोंडात धरून! कडंला व्हा मंडळी, कडंला व्हा! सुवर्णा मॅडम, छडी खाली ठिवा, बैल बुजतील! आला, आला, आला... बारी झाऽऽली! भिर्रर्रर्र!"

पत्रे थरथरले. पोरं बाकांवर चढली. माझ्या जुन्या तारांतून वीज गेल्यासारखं झालं, आणि वीज तर माझ्यातून रोजच जाते! फक्त मारुतराव जागचे हलले नाहीत. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि मला हातात घेतलं. माझ्या डोक्यात टपली मारली नाही, फुंकरही घातली नाही.

"शिकायला दौंडला जायचं ते जायचंच," ते म्हणाले. "पर यात्रंला सुट्टी काढून यायचं. आन् पोरांनो, तुमी समद्यांचं सांगितलं, आता माझं ऐका. धा वर्सांनी मी घाटाखाली बैलांपाशी उभा आसंन. वरनं आवाज आला, का शेजारचा इचारंल, कोण पोरगं हाय रं? मी म्हनंन, पोरगं न्हाई, पोरगी हाय. माझी हाय."

मित्रांनो, भेळ खाऊन सगळे पांगले आणि मी परत कपाटात आलो. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की चैत्रात मला बाहेर काढाल तेव्हा कोरड्या फडक्याने नीट पुसा, वायर ओढू नका, पट्टी सुटली असेल तर नवी लावा. त्या दिवशी माझ्यात जराही खरखर येऊन चालणार नाही. घाटाखाली एक बाप कान देऊन उभा असणार आहे.