नदीपलीकडचा देश

शनिवारी सकाळी शैलजा डिशवॉशर रिकामा करत असताना लक्झेंबर्गहून फोन आला. केयाच्या रूममेटचा, फेम्के नावाच्या डच मुलीचा. केया शुक्रवारी दुपारी एकटीच नदीकाठी हाइकला गेली होती, ती परत आलीच नव्हती. तिचा फोन बंद होता. फेम्केनं पोलिसांना कळवलं होतं. एवढं सांगून झाल्यावर तिला पुढे बोलवेना.

केया रवींद्र आणि शैलजाची एकुलती एक मुलगी. जन्मली आणि वाढली इथेच, अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत. पॉलिटिकल सायन्स शिकत होती आणि या सेमिस्टरला लक्झेंबर्गला गेली होती. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग हे तीन शेजारी मिळून कारभार कसा करतात, हा तिचा विषय. "तिन्ही एकत्र केले तरी आपल्या मिनेसोटाच्या निम्मे नाहीत," रवींद्र जाताना तिला चिडवत म्हणाला होता, "त्यात अभ्यास कसला करणार?"

"दॅट्स द पॉइंट, बाबा. एकेकटे राहिले असते तर त्यांना कोण विचारणार होतं?"

रवींद्रनं लगेच विमानाची तिकिटं शोधायला घेतली आणि मग त्याचा हात थांबला. केयाकडे अमेरिकन पासपोर्ट होता. या दोघांकडे ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारताचे. युरोपात उतरायचं तर व्हिसा हवा, आणि आज शनिवार. वकिलातीच्या इमर्जन्सी नंबरवरचा माणूस खरंच कळवळून बोलला. सोमवारी सकाळी शिकागोला या, तातडीनं करून देतो, म्हणाला. रवींद्रनं त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि हातातला पासपोर्ट भिंतीवर फेकला.

"मग काय, इथे बसून राहायचं?" शैलजानं विचारलं.

पासपोर्ट उचलून त्यानं पुन्हा टेबलावर ठेवला.

शोधमोहिमेवर श्नाइडर नावाच्या पोलीस अधिकारी बाई होत्या. मोडक्या पण स्पष्ट इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की केयाच्या फोनचा शेवटचा सिग्नल लक्झेंबर्गच्या टॉवरवर मिळालाय. सूर नदीचा त्या भागातला सगळा काठ माणसं आणि कुत्री लावून पालथा घालताहेत. काल रात्री तिथे पारा शून्याला टेकला होता. आजही तेवढीच थंडी पडणार होती. हे त्यांनी रवींद्रनं विचारल्यावरच सांगितलं.

ईडन प्रेरीत लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या घरातला माणूस ब्लोअरनं पानं गोळा करत होता. इथे दुपार व्हायच्या आत तिथे अंधार पडणार होता. शैलजा सारखी फोनवर तिथली वेळ बघत होती. मध्येच उठून ती केयाच्या खोलीत गेली, तिथला हीटर वाढवून आली, आणि आपण हे काय केलं ते लक्षात आल्यावर जिन्यातच बसली.

रवींद्र तिच्या शेजारी येऊन बसला.

"काल तिच्याशी तू काय बोललीस? पुन्हा सांग."

"किती वेळा सांगू? मी मीटिंगमध्ये होते यार. दोन वाक्यं बोललो. जेवलीस का विचारलं. थंडी आहे म्हणाली. म्हणाली, आई, गेस व्हॉट, मी आत्ता अब्रॉड आहे." शैलजाचा आवाज चिरकला. "मी म्हटलं, ते मला माहितीये बाळा, नंतर करते फोन. आणि ठेवला."

"अब्रॉड?"

"हो. हसत होती."

रवींद्र तिच्याकडे बघत राहिला. दोन महिने लक्झेंबर्गमध्ये राहणारी मुलगी काल अचानक परदेशात असल्याचं का सांगेल? त्यानं फोनवर नकाशा उघडला. त्या भागात नदी हीच सीमा होती. अलीकडचा काठ लक्झेंबर्गचा, पलीकडचा बेल्जियमचा. मधे लहानसा पूल.

"शैलू, ती नदी ओलांडून गेली होती. टॉवर लक्झेंबर्गचा होता, पण ती बेल्जियममध्ये होती."

श्नाइडरबाईंना फोन लावताना त्याला आपला आतेभाऊ आठवत होता. मध्य प्रदेशच्या सीमेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, तेव्हा दोन ठाण्यांचे हवालदार ही आमची हद्द नाही म्हणून वाद घालत राहिले होते. नागपूरहून माणसं पोचली तेव्हा भाऊ नुकताच गेला होता. इथे तर दोन राज्यं नव्हती, दोन देश होते. आणि तिकडे अंधार पडत आला होता.

त्यानं सगळं सांगितलं.

"तुम्हाला परमिशन घ्यावी लागेल ना?" तो म्हणाला. "किती वेळ लागेल? मी कोणाला फोन करू? प्लीज, कोणाशी बोलू ते सांगा."

"कोणाशीच नाही," त्या म्हणाल्या. "आमचा तिन्ही देशांचा तसा करार आहे. बेल्जियमच्या पोलिसांना मी वायरलेसवर कळवतेच आहे. कुत्री आत्ताच पुलावरून पलीकडे जातील. तुम्ही फोन मोकळा ठेवा."

त्यानंतरचा वेळ त्या दोघांनी स्वयंपाकघरात काढला. फोन टेबलावर मधोमध होता. शैलजानं भात लावला आणि गॅस बंद करायला विसरली. करपल्याचा वास आला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"माझ्याशी खोटं बोलू नकोस," ती एकदा म्हणाली. "दोन रात्री माणूस राहू शकतो का अशा थंडीत?"

"मला माहीत नाही," रवींद्र म्हणाला.

फोन आला तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. पलीकडच्या काठावर पाटीच्या दगडाची एक जुनी खाण होती, तिच्या तळाशी केया सापडली. लक्झेंबर्गच्या कुत्र्यानं शोधलं आणि बेल्जियमचे अग्निशमनवाले दोर लावून खाली उतरले. ती जिवंत होती. डाव्या पायावर दगड पडलेला होता, शुद्ध जेमतेम होती. जवळचं हेलिकॉप्टर लक्झेंबर्गचं होतं, जवळचं मोठं हॉस्पिटल बेल्जियममधलं. कोणी कोणाला थांबवलं नाही.

शैलजा जमिनीवर बसून रडली. रवींद्र तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पण श्नाइडरबाई "पायाबद्दल डॉक्टर बोलतील" असं म्हणाल्या होत्या, ते त्यानं तिला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बेल्जियममधल्या लिएजहून सर्जनचा फोन आला. पायाचा रक्तपुरवठा फार वेळ बंद राहिला होता. तो ठेवला असता तर जीव गेला असता. गुडघ्याच्या खाली कापावा लागला. केया शुद्धीवर आहे, तिला सांगितलंय, पण औषधांच्या गुंगीत ती विसरते आणि पुन्हा विचारते. फोन तिच्याजवळ देऊ का?

शैलजानं स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "द्या."

फोनवर केयाचा श्वास ऐकू आला.

"आई?"

"बोल राजा. आम्ही दोघं आहोत."

"इट्स सो कोल्ड, आई. डावा पाय. खूप गार पडलाय."

रवींद्रनं तोंडावर हात दाबून धरला आणि खिडकीकडे वळला. शैलजाचा आवाज मात्र जराही हलला नाही.

"नर्सला सांग हं," ती म्हणाली, "पायावर अजून एक ब्लँकेट घालायला. मी आहे इथेच, फोन ठेवत नाही. घातलं का?"

"हो."

"बरं वाटतंय?"

"थोडं," केया म्हणाली.