कोणाची फुंक?

बालाघाटात वीरेंद्रबाबूंच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन रविवारी जॅझ ऐकणाऱ्यांची बैठक भरते. बालाघाट आणि जॅझ, असं म्हणून कुणाला हसायचं असेल तर हसो बापडा. हौसेला मोल नसतं. माणसं मोजून दहा-बारा, आणि खेळ असा की वीरेंद्रबाबू नाव लिफाफ्यात बंद ठेवून एकेक रेकॉर्ड लावणार आणि वाजवणारा कोण ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. खाली सही करायची. सही झाली की खाडाखोड नाही, चिठ्ठी फायलीत जाते.

या खेळात तीन वर्षं चैतरामच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. चैतराम वारासिवनीचा, लग्नाच्या बँडात पंचेचाळीस वर्षं सॅक्सोफोन फुंकून आता घरी बसलेला माणूस. ती अमेरिकेतली नावं त्याच्या जिभेवर धड बसत नसत, म्हणून तो नावाऐवजी माणूस सांगायचा. एकदा म्हणाला, "हा अन् मघाचा तिसरा एकच मानूस हाय. मधात याचे समोरचे दात पडले, येवढाच फरक." लिफाफा उघडला तर खरंच एकच वादक निघाला, मध्ये बारा वर्षं गेलेली. कॉलेजातून निवृत्त झालेल्या ज्योत्स्ना मॅडम त्या दिवसापासून त्याला चैतराममास्तर म्हणू लागल्या.

लग्नात बँडवाला मांडवाबाहेर उभा असतो. त्याची पंगत सगळ्यांच्या शेवटी, तीही कुणाला आठवण झाली तर. इथे मात्र चैतरामसाठी हातांची खुर्ची ठेवलेली असायची आणि चहा कपबशीतून यायचा. त्या खुर्चीची त्याला चटक लागली होती, खोटं कशाला बोला.

दिवाळीनंतर वीरेंद्रबाबूंनी एक जुनी टेप लावली. त्यांचे वडील उकव्याकडच्या एका मॅंगनीजच्या खाणीत साहेब होते. ती खाण केव्हाच बंद पडली, पण साहेबांच्या क्लबात भरलेल्या टेपा वडिलांच्या पेटीत राहिल्या होत्या. या टेपेवर एकटा सॅक्सोफोन होता, अगदी हळू वाजवलेला. कुणाला तरी कानात काही सांगावं इतका हळू.

संपल्यावर वीरेंद्रबाबूंनी विचारलं, "मास्तर, हा आपल्या इकडचा कुणी असेल? बँडातला वगैरे?"

चैतराम मोठ्यानं हसला. "आमच्यातला? आमचे लोक फुंकत नाई साहेब, भोकाड पसरतेत. हा शिकलेला मानूस हाय. बाहेरचा."

"नक्की?"

"माह्या कानावर भरोसा नाई का तुमचा?" आणि त्यानं चिठ्ठीवर लिहिलं: परदेशी माणूस. बँडवाल्याची फुंक नाही. खाली सही.

पुढे मुंबईहून मोहित नावाचा तरुण आला. हरवलेली जुनी ध्वनिमुद्रणं शोधून तो त्यांच्या रेकॉर्डी काढतो. टेप ऐकून तो वेडाच झाला. या शुक्रवारी वीरेंद्रबाबूंनी चैतरामच्या फोनवर ते वादन आणि कव्हरचा नमुना पाठवला. कव्हरवर लिहिलं होतं, "अज्ञात परदेशी वादक", आणि खाली बारीक अक्षरात, "पारख: चैतराम, वारासिवनी." रविवारी बैठकीत सगळ्यांना दाखवायचं आणि सोमवारी कव्हर छपाईला जायचं.

पंचेचाळीस वर्षांत चैतरामचं नाव कशावर छापलं गेलं नव्हतं. बँडाच्या गाडीवरसुद्धा मालकाचंच नाव. तो फोन घेऊन चहाच्या टपरीवर गेला, न्हाव्याकडे गेला आणि शेवटी जिजाआत्याच्या घरी गेला.

जिजाबाई त्याच्या बापाची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. चैतरामनं फोन तिच्यासमोर धरला आणि वादन चालू केलं. तिचा हात सुपातच थांबला.

"हा तं नथ्थूदादा हाय," ती म्हणाली.

नथ्थू म्हणजे चैतरामचा बाप. त्याच खाणीत दिवसा माती उपसायचा आणि लग्नसराईत बँडात फुंकायचा. जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली.

"आत्या, काहीच्या काही नको बोलू. हा परदेशी मानूस हाय."

"तुले कोन सांगतलं?"

"म्याच सांगतलं!"

"मंग तू गाढव हायेस," जिजाबाई म्हणाली. "म्या सहा वर्सं त्या क्लबात भांडे घासले. साहेब लोक नाचून घरी गेले का कलकत्त्याचा मॅनेजर नथ्थूदादाले बलावे. आपली रेकॉर्ड लावे अन् म्हने, वाजव. दादा वाजवे. म्या भितीच्या ह्या बाजूले बसून आइकत जाओ. चैत्या, म्या माह्या भावाले वळखणार नाई का?"

चैतरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप कसा वाजवायचा हे त्याला सांगायला ही कोण? वरातीत बापाच्या मागे दोन वर्षं तो स्वतः उभा राहिला होता. नथ्थूची फुंक म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची म्हैस दावं तोडायची. आत्याला चार शब्द सुनावून तो घरी आला आणि आपलंच खरं करण्यासाठी पुन्हा ऐकायला बसला.

शनिवारी दुपारपर्यंत तो ऐकत होता. एका जागी वादक वरच्या सुरावर चढायच्या आधी किंचित मागे सरतो, उंबरा ओलांडताना म्हातारं माणूस सरतं तसा. ही ओढ चैतरामला माहीत होती. बँडात तीच ओढ बापानं त्याला शिकवली होती, पाठीत गुद्दे घालून. फक्त रस्त्यावर, ढोलताशांच्या गदारोळात ती इतकी मोठी असायची की तिच्या आत हे एवढं मवाळ काही असेल, असं कधी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचा कान रस्त्यावर तयार झालेला. हळू वाजवणारा बाप त्यानं ऐकलाच नव्हता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. चैतरामनं स्वतःला एक कचकचीत शिवी दिली. मग वीरेंद्रबाबूंना दहा दिल्या. राग वाटून घेतला की जरा हलका होतो.

रविवारी दुपारी तो आत्याला घेऊन बसनं बालाघाटला आला. हॉल भरला होता. तो आत शिरला तो ओरडतच. "बंद करा हे सगळं! तो परदेशी-फरदेशी कोनी नाई. माहा बाप हाय तो! नथ्थू! तुमच्याच खानीतला मजूर!"

मोहित म्हणाला, "दादा, शांत हो जाइए."

"काहून होऊ शांत? मजूर म्हनला का तुमच्या कव्हरची शोभा जाते का? साहेबाच्या पोराले साहेबच दिसन! बापाच्या टेपीवर मजुराचं नाव काहून ठेवान तुम्ही?"

वीरेंद्रबाबू उठले, फाईल आणली, चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मग त्याच्याशेजारी टेपेचं जुनं खोकं ठेवलं. खोक्यावर त्यांच्या वडिलांच्या हातानं शाईत लिहिलेलं होतं: क्लब, १९६७, बँडवाला.

"नाव नव्हतं," वीरेंद्रबाबू म्हणाले. "एवढंच होतं. म्हणून तर मी तुम्हाला दोनदा विचारलं, मास्तर. बँडातला कुणी असेल का? तुम्ही हसलात."

चैतरामनं चिठ्ठी वाचली. बँडवाल्याची फुंक नाही. अक्षर त्याचं, सही त्याची. इतकी वर्षं मांडवाबाहेर उभं राहून जगाचा जो हिणवणारा आवाज त्यानं ऐकला होता, तोच या खुर्चीत बसल्यावर त्याच्या तोंडून निघाला होता. आता कुणाच्या अंगावर जायचं? हात शिवशिवत होते आणि समोर मारण्याजोगं कुणी नव्हतं.

"पण हेही तुम्ही म्हणताय म्हणून," ज्योत्स्ना मॅडम सावकाश म्हणाल्या. "तेव्हा एक म्हणालात, आज दुसरं. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

"माह्यावर नका ठेवू," चैतराम म्हणाला. "इच्यावर ठेवा. घ्या परीक्षा."

जिजाबाईला त्यांनी मधोमध बसवलं. वीरेंद्रबाबूंनी पाच तुकडे निवडले, सगळे सॅक्सोफोनचे, सगळे हळू. तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि डोळे मिटले.

पहिला वाजला. "नाई."

दुसरा वाजला. "नाई. हा पोटभर जेवलेला मानूस हाय." कुणीतरी हसलं. चैतरामनं त्याच्याकडे असं पाहिलं की हसू अर्धवटच राहिलं.

तिसरा लावला तर तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. चौथ्याचे दोन सूर झाले असतील नसतील, तिनं हात वर केला.

"हा. हा दादा." आणि डोळे मिटलेलेच ठेवून ती बोलत राहिली. "आता तो खाली येईन. मॅनेजरनीचं लेकरू मांगच्या खोलीत निजे. वरतं गेला का ते उठे, म्हनून खाली ये. पाह्य, आला का नाई?"

सॅक्सोफोन खाली आला.

तो तुकडा टेपेच्या दुसऱ्या बाजूचा होता. वीरेंद्रबाबूंनी तो आजवर कुणालाच ऐकवला नव्हता, चैतरामलाही नाही. पाचवा लावायचं कुणाला सुचलंच नाही.

आजींचं मान्य आहे, मोहित म्हणाला, पण अडचण आहे. कव्हरवर पारख चैतरामजींची आहे. पारखी म्हणतो परदेशी आणि वर नाव नथ्थूचं, हे कसं चालेल? "दोनों नाम साथ नहीं रह सकते, दादा."

वीरेंद्रबाबू हळू आवाजात म्हणाले, "चिठ्ठी मागे घ्यावी लागेल, मास्तर. कान चुकला, असं लिहून. मग याच रेकॉर्डवरचे इतर दोन तुकडेही मोहितनं तुमच्या सांगण्यावरून घेतलेत, त्यांच्याबद्दलही लोक विचारतील. बघा. घाई नाही. हवं तर अज्ञात वादक एवढंच ठेवू. परदेशी काढून टाकू. तुमचं नाव राहील."

तोड चांगली होती. कुणाचंच वाईट होणार नव्हतं, मेलेला माणूस काही भांडायला येणार नव्हता. चैतरामनं कव्हरच्या नमुन्याकडे पाहिलं. बारीक का होईना, पण छापील अक्षरात त्याचं नाव. टपरीवाल्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

एवढा राग त्याला जन्मात आला नव्हता. कारण क्षणभर, एकच क्षण, तो हौ म्हणणार होता.

त्यानं पेन हिसकावून घेतलं आणि आपल्या नावावर अशी रेघ मारली की कागद फाटला. वर, "अज्ञात परदेशी वादक" खोडून, लिहिलं: नथ्थू. खाण मजूर. बँडवाला. मग कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं: माझा कान चुकला. माझा बाप मला ओळखता आला नाही. सही केली आणि म्हणाला, "लावा फायलीत. अन् पारख जिजाबाईची लिहा. क्लबात भांडे घासे, हे बी लिहा, लाजू नका."

ज्योत्स्ना मॅडमनी टेप पुन्हा सुरुवातीपासून लावली. या वेळी कुणाच्या हातात चिठ्ठ्या नव्हत्या. चैतराम खुर्चीत बसला नाही, आत्याजवळ खाली सतरंजीवर बसला.

थोड्या वेळानं त्यानं तिला हळूच विचारलं, "आत्या, बाप हे असं वाजवे तं मले काहून नाई आइकवलं कधी? म्या काय क्लबाच्या मांगं येऊन बसलो नसतो?"

जिजाबाई पदराशी चाळा करत राहिली. सांगू की नको, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"म्या म्हनलं होतं त्याले," ती शेवटी म्हणाली. "चैत्याले आनत जा, मोरीपाशी बसन तो. दादा नाई म्हने. म्हने, पोरानं हे आइकलं तं त्याले मंग रस्त्यावर फुंकवणार नाई. अन् त्याले रस्त्यावरच फुंकाचं हाय."

चैतराम ताडकन उठला. वराती, धूळ, फटाक्यांचा धूर, नवरदेवाच्या दोस्तांच्या दारूच्या गुळण्या, पंचेचाळीस वर्षं. तो त्या यंत्रासमोर जाऊन उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "इचारायचं तं होतं मले! एक डाव इचारायचं तं होतं, बुढ्या!"

ज्योत्स्ना मॅडमना वाटलं तो त्यांच्यावरच ओरडला. त्यांनी घाबरून टेप बंद केली.

"बंद काहून केलं?" चैतराम म्हणाला. "लावा. आइकू द्या मले."