पिंजऱ्यातली आई

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘गोचीड’ म्हणत. एखाद्या खटल्याला चिकटली की सुटायची नाही. या वेळी ती पोपटाच्या पिल्लांना चिकटली होती.

पिल्लं एका व्यापाऱ्याच्या गाडीत सापडली, बुटांच्या खोक्यांत कोंबलेली. व्यापाऱ्याचं म्हणणं, ती जंगलातली नव्हेतच, त्याच्या पाळलेल्या जोडीची आहेत. तशी पिल्लं विकायचा परवाना त्याच्याकडे होता. त्याचं म्हणणं खोटं ठरलं नाही, तर सोमवारी कोर्ट पिल्लं त्याच्याच हवाली करणार होतं.

पिल्लांचा डीएनए त्या जोडीशी ताडून पाहायचा, एवढंच काम. पण जप्तीच्या वेळी कुण्या शहाण्याने गळलेली पिसं ओलीच पिशवीत भरली आणि त्यांना बुरशी लागली. पिल्लं तर इतकी अर्धमेली, की डॉक्टर हात लावू देईनात.

“‘निष्कर्ष नाही’ असं लिही आणि मोकळी हो,” साहेब म्हणाले.

“लिहिते की,” ती म्हणाली, आणि फौजदारांना घेऊन थेट व्यापाऱ्याच्या दारात उभी राहिली.

व्यापारी मधाळ बोलला. “ही बघा आई, ताई. पिल्लांवाचून बिचारीला अन्न गोड लागत नाही.”

या जातीत नर-मादी दिसायला अगदी सारखे. तिचे कान टवकारले. “हीच आई कशावरून?”

“मायेवरून!”

पिसं उपटताना त्या आईने तिच्या बोटाचा असा चावा घेतला, की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या पक्ष्याचंही पीस घेऊनच ती निघाली.

पिसातल्या डीएनएवरून नर-मादी ओळखायच्या तपासणीत मादीच्या दोन पट्ट्या उमटतात, नराची एकच. आईची एकच उमटली. बापाचीही एकच. तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तरी तेच.

“मग अंडी घातली कुणी?” सोमवारी न्यायाधीशांनी चष्म्यावरून व्यापाऱ्याला विचारलं.

कोर्टात हशा पिकला. व्यापाऱ्याचं तोंड एवढंसं झालं, आणि पिल्लं त्याच्या हातून गेली. ती मात्र हसली नाही. अंडी घालणारी कुठल्यातरी झाडावर रिकाम्या ढोलीत डोकावत असेल, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

बाहेर येताच तिने फौजदारांना गाठलं. “पिल्लं कुठल्या जंगलातून काढली, ते त्याच्याकडून वदवून घ्या. मोठी झाली की तिथेच सोडायची आहेत.”

“ताई, जिंकलो आपण! आता तरी सोडा.”

“गाडी काढा,” ती म्हणाली.